विंडोज १० संपलं म्हणून संगणक मोडीत काढण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा असलेला आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून बाजारात दोनच सल्ले ऐकू येतात. एक, ‘जुना डबा काढा, नवा घ्या’. दुसरा, ‘मशीन आणून द्या, संध्याकाळपर्यंत विंडोज अकरा टाकून देतो’. दोन्ही सल्ले देणाऱ्याच्या सोयीचे आहेत. संगणक किती वर्षांचा आहे यावर हा निर्णय ठरत नाही. त्याच्यावर कोणतं काम चालतं आणि त्याच्या मागच्या बाजूला काय काय खोचलेलं आहे, त्यावर तो ठरतो. पतसंस्थेचं उत्तर वेगळं, डीटीपीवाल्याचं वेगळं, कर सल्लागाराचं वेगळं आणि घरच्या लॅपटॉपचं वेगळं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधार संपला म्हणजे यंत्र बंद पडत नाही. विंडोज १० पूर्वीसारखंच सुरू होतं, फक्त त्यातली नवी सापडलेली भोकं बुजवणं थांबतं. डिफेंडरला विषाणूंच्या नव्या ओळखी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत, एज ब्राउझरही २२एच२ या आवृत्तीवर किमान तोवर अद्ययावत होत राहील. यावरून ‘मग बिघडलं काय?’ असं विचारणारे पुष्कळ आहेत. डिफेंडर ओळखीचा चोर पकडतो, पण तुटलेली कडी बसवत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरचे संगणक कुलूपबंद केले, तेव्हा त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं त्यांचे संगणक सापडले. आता विंडोज १० ला असं ठिगळ आपोआप मिळणारच नाही.

निर्णय लांबवायचा असेल तर घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, त्यात विंडोज अपडेट उघडलं की नोंदणीचा दुवा दिसतो. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी (विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून उघडणाऱ्या ‘रन’मध्ये ‘विनव्हर’ (winver) टाइप केलं की आवृत्ती कळते), मायक्रोसॉफ्टचं खातं हवं आणि ते त्या संगणकावर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडला तर पैसे पडत नाहीत. नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. एका खात्यावर १० संगणक बसतात. डोमेनला, म्हणजे कार्यालयाच्या मध्यवर्ती सर्व्हरला, जोडलेली यंत्रं यात येत नाहीत. संस्थांसाठीचा दर पहिल्या वर्षी प्रतियंत्र ६१ डॉलर आहे, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. दुसऱ्या वर्षी जागं झालं तर पहिल्या वर्षाचेही मोजावे लागतात. वीस-पंचवीस यंत्रांच्या संस्थेने हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. बहुतेकदा त्या पैशात अर्धी यंत्रं बदलून होतात.

आता यंत्र विंडोज ११ ला पात्र आहे का, याची तपासणी. रनमध्ये ‘एमएसइन्फो३२’ (msinfo32) टाकलं की एकाच पानावर प्रोसेसर, सिस्टिम ६४-बिट की ३२-बिट, बायॉसचा (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) मोड नवा यूईएफआय की जुना लेगसी, आणि सिक्युअर बूटची (सुरू होताना सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीची) स्थिती दिसते. ‘टीपीएम.एमएससी’ (tpm.msc) टाकलं की टीपीएम (किल्ल्या जपून ठेवणारी सुरक्षेची सोय) आहे का आणि कितव्या आवृत्तीचं आहे ते कळतं, २.० हवं. इंटेलमध्ये आय५-८२५०यू म्हणजे आठवी पिढी, चालते. आय५-७२००यू म्हणजे सातवी, चालत नाही. सातव्या पिढीतले मोजके अपवाद आहेत, पण ते आपल्याकडच्या साध्या लॅपटॉपमध्ये नसतात. एएमडीची नावं फसवी आहेत. रायझन २००० मालिका चालते असं सांगितलं जातं, पण त्या मालिकेतले २४००जी किंवा २५००यू आतून पहिल्याच पिढीचे असल्याने यादीत नाहीत. तिथे अंदाज न करता मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवून बघावं.

प्रोसेसर पात्र आहे, पण संगणक ‘तुमचा पीसी अपात्र’ म्हणतो, असं असेंबल केलेल्या यंत्रांत फार होतं. त्यात टीपीएम नसतं असं नाही, ते बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बायॉसमध्ये ते पीटीटी नावाने, एएमडीत एफटीपीएम नावाने सापडतं. ते सुरू केलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं त्रासाचं आहे. विंडोज लेगसी पद्धतीने बसवलेलं असतं, म्हणजे डिस्कची विभागणी एमबीआर या जुन्या पद्धतीची असते, आणि यूईएफआयला जीपीटी ही नवी पद्धत लागते. आधी बायॉसमध्ये जाऊन यूईएफआय केलं तर पुढच्या वेळी ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश येतो आणि माणूस घाबरतो. डिस्कला काही झालेलं नसतं. परत लेगसी केलं की यंत्र सुरू होतं. क्रम उलटा हवा: आधी आहे तीच डिस्क एमबीआरची जीपीटी करायची, मग बायॉस.

डिस्क जीपीटी करायला विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी (mbr2gpt) हा प्रोग्रॅम आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून तो आधी ‘व्हॅलिडेट’ने (/validate) चालवायचा, म्हणजे नुसती तपासणी होते, मग ‘कन्व्हर्ट’ने (/convert). चालू विंडोजमधून चालवायचा तर दोन्ही वेळा ‘अलाऊफुलओएस’ (/allowFullOS) जोडावं लागतं. आणि इथेच आपल्याकडची जुनी सवय आडवी येते. ५०० जीबीच्या डिस्कचे सी, डी, ई, एफ असे तुकडे करून देणं ही आपल्या दुकानांची वर्षानुवर्षांची रीत. त्यातले डी-ई-एफ हे बहुधा एका एक्स्टेंडेड विभागाच्या पोटातले लॉजिकल विभाग असतात. एमबीआर२जीपीटीला तीनपेक्षा जास्त प्रायमरी विभाग चालत नाहीत आणि लॉजिकल तर एकही चालत नाही. व्हॅलिडेट तिथेच नापास होतं आणि पडद्यावरचा संदेश वाचून काहीच उमगत नाही. उपाय वेळखाऊ असला तरी सरळ आहे. डी-ई-एफवरचं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा, तिथे दोन-चार फाइली उघडून बघा, डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते विभाग आणि नंतर उरलेला एक्स्टेंडेड विभाग पुसा, व्हॅलिडेट, कन्व्हर्ट, मग बायॉस यूईएफआय, आणि सगळ्यात शेवटी हवे तर नवे विभाग करा. डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर कन्व्हर्ट करण्याआधी आणि बायॉसला हात लावण्याआधी तो ‘सस्पेंड’ करून रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

याच वेळी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल बदलून टाकावा. तो मेला की घड्याळ मागे जातं आणि बँकेची संकेतस्थळं ‘सर्टिफिकेट चुकीचं’ म्हणून उघडत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे वीज गेली की बायॉसच्या नोंदी मूळपदावर येतात. जुन्या बोर्डात मूळपद म्हणजे लेगसी. जीपीटी केलेला संगणक मग एका सकाळी अचानक सुरूच होत नाही, आणि ‘डिस्क गेली’ म्हणून नवी विकली जाते.

प्रोसेसरच अपात्र असेल तर आडवाट आहे, आणि ती आता गल्लोगल्ली विकली जाते. रुफस नावाच्या फुकट प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह तयार करताना टीपीएम, सिक्युअर बूट आणि ४ जीबी रॅमची अट काढून टाकण्याची खूण असते. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या यंत्रावर विंडोज ११ असं बसतं आणि बऱ्यापैकी चालतंही. कोअर २ ड्युओवर मात्र नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचना असाव्याच लागतात, त्या नसतील तर यंत्र बूटच होत नाही. आडवाटेने बसवलेल्या विंडोजला महिन्याची अपडेट आज येतात, पण मायक्रोसॉफ्ट तसा शब्द देत नाही. वर्षाची नवी आवृत्ती तर अशा यंत्रावर आपोआप येतच नाही. होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीचं आयुष्य २४ महिन्यांचं. म्हणजे दर दोन वर्षांनी कुणीतरी नवी प्रत उतरवून, तीच आडवाट वापरून पुन्हा बसवायला हवी. घरी जाणता मुलगा किंवा मुलगी असेल तर हे जमतं. जिथे रोख आणि ठेवींचे व्यवहार होतात त्या काउंटरवर ही उठाठेव करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विंडोज ७ वरून थेट उडी मारू पाहणाऱ्यांसाठी एवढंच: ७ ची जुनी की (परवान्याचा क्रमांक) वापरून १० किंवा ११ फुकट सक्रिय करण्याची सोय सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. आज कुणी ‘७ ची की चालते’ म्हणत असेल तर बहुधा तो क्रॅक टाकतो आहे. अशी साधनं चालावीत म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं जातं. हिशेबाच्या यंत्रावर याहून मोठं दार उघडं ठेवता येणार नाही.

आता जे कुणी फारसं विचारात घेत नाही त्याकडे वळतो: संगणकावर चालणारं जुनं काम. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. ६४-बिट विंडोजवर डॉसचे (विंडोजच्या आधीच्या, काळ्या पडद्याच्या प्रणालीचे) आणि १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. ३२-बिट विंडोज १० वर ते चालत होते. फॉक्सप्रो किंवा क्लिपरमध्ये लिहून घेतलेला खतावणीचा, दूध संकलनाचा किंवा पगारपत्रकाचा प्रोग्रॅम ज्यांच्याकडे अजून सुरू आहे, त्यांचं सगळं काम एका दुपारीत थांबू शकतं. शिवाय ३२-बिटवरून ६४-बिटवर आहे तसं चढताच येत नाही, डिस्क पुसून नव्याने बसवावं लागतं. म्हणून अशा संस्थेने ‘एमएसइन्फो३२’मध्ये सिस्टिम टाइपपुढे ‘एक्स८६’ दिसलं तर दुकानदाराला फोन करण्याआधी थांबावं.

पर्याय दोन. पहिला, व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स यांसारखा प्रोग्रॅम, जो विंडोजमध्ये डॉसची खोटी खोली उभी करतो. व्हीडॉस खास कचेरीतल्या प्रोग्रॅमसाठी केलेला आहे. डॉसमधून एलपीटी१ वर (प्रिंटरच्या जुन्या पोर्टवर) पाठवलेली छपाई तो विंडोजच्या प्रिंटरकडे वळवतो. पासबुक प्रिंटर असेल तर मात्र खरं पासबुक घालून ओळी जागेवर पडतात का ते पाहावं. दुसरा पर्याय, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जुनं ३२-बिट विंडोज, इंटरनेट तोडून. त्याला ८ जीबी रॅम लागते. कोणताही निवडा, चाचणी एकच: दोन काउंटरवरून एकाच क्षणी एकाच खात्यात नोंद करून पाहा. रेकॉर्ड लॉक होत नसेल, म्हणजे एकाची नोंद पुरी होईपर्यंत दुसऱ्याला थांबवलं जात नसेल, तर प्रोग्रॅम वरून उत्तम चालतो आणि शिल्लक मात्र चुकते, आणि ही चूक वर्षअखेरीस ताळेबंद जुळवताना सापडते. बॅकअप घेताना नोंदींच्या नुसत्या डीबीएफ फाइली उचलू नयेत. फॉक्सप्रोत मेमो (लांब मजकुराच्या) रकान्यांचा मजकूर एफपीटीमध्ये असतो आणि अनुक्रमणिका सीडीएक्समध्ये. अनुक्रमणिका पुन्हा बांधता येते, एफपीटी राहिली तर तो मजकूर गेला. सोपं म्हणजे अख्खा फोल्डर उचलावा.

डीटीपीवाल्यांचं दुखणं फॉन्टचं. श्री-लिपी, आयएसएम, कृतिदेव यांतला जुना मजकूर युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरपद्धती) नसतो. फॉन्ट नसेल तर तिथे इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. डिस्क पुसण्याआधी विंडोजच्या आतला फॉन्ट्स फोल्डर पूर्ण उचलून ठेवा. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि अंक त्यावर उभे असतात. डाँगलवर (परवान्यासाठी खोचायच्या किल्लीवर) चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा डाँगल-ड्रायव्हर (तो डाँगल विंडोजला ओळखून देणारा प्रोग्रॅम) ६४-बिट आणि सही असलेला हवा. तो बसूनही डाँगल दिसत नसेल तर विंडोज सिक्युरिटीतल्या डिव्हाइस सिक्युरिटीखाली कोअर आयसोलेशन उघडून पाहा. नव्याने बसवलेल्या ११ मध्ये त्यातली मेमरी इंटिग्रिटी बहुधा चालू असते आणि ती जुने ड्रायव्हर अडवते. ती बंद करण्यापेक्षा कंपनीकडून नवा ड्रायव्हर मागवणं बरं. काही जुन्या ३२-बिट प्रोग्रॅमचा सेटअप तेवढा १६-बिट असतो. प्रोग्रॅम चालला असता, पण बसतच नाही, आणि दोष मात्र प्रोग्रॅमला दिला जातो.

युनिकोडमध्ये काम करणाऱ्यांनाही एक धक्का बसतो. सरकारी पत्रव्यवहारातला मंगल फॉन्ट विंडोज १० पासून मूळ संचात नाही. कोकिला, उत्साह, अपराजिता हेही नाहीत. नव्याने बसवलेल्या यंत्रावर मजकूर निर्मला या फॉन्टात दिसतो आणि वाचताही येतो, पण रुंदी वेगळी असल्याने ओळी सरकतात, चाळीस पानांचा अहवाल त्रेचाळीस पानांचा होतो आणि अनुक्रमणिका चुकते. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ जोडले की सगळं जागेवर येतं. भाषांच्या यादीत मराठी जोडली तरी ते सहसा आपोआप उतरतात. मराठी फोनेटिक कळपाटही २०१९ पासून विंडोजमध्येच आहे. त्यासाठी कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावरून टायपिंगचं सॉफ्टवेअर उतरवायची गरज उरलेली नाही.

कर सल्लागार आणि ई-निविदा भरणारे यांची काळजी डिजिटल सहीची. सर्टिफिकेट यूएसबी टोकनमध्ये असतं, संगणकात नसतं. फॉरमॅटने ते जात नाही. नव्या विंडोजवर टोकनच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर टाकायचा. टोकन ओळखलं नाही म्हणून त्याच्या मेनूतलं ‘इनिशिअलाइझ’ मात्र दाबू नका. त्याने सर्टिफिकेट पुसलं जातं आणि नवं विकत घ्यावं लागतं. विवरणपत्राच्या शेवटच्या आठवड्यात अपग्रेड करू नये हे वेगळं सांगायला नको, तरी लोक नेमके तेव्हाच करतात.

बऱ्याच जणांची मूळ तक्रार विंडोजबद्दल नसतेच. ‘फार हळू चालतो’ ही असते, आणि तिचं औषध अपग्रेड नव्हे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल तर फिरती हार्ड डिस्क काढून अडीच इंची साटा एसएसडी बसवा आणि रॅम ८ जीबी करा. ११ ला ४ जीबी पुरते असं कागदावर आहे, प्रत्यक्षात ब्राउझरच्या चार टॅबमध्ये दम लागतो. चौथ्या-पाचव्या पिढीच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल रॅम लागते. साधी डीडीआर३ खाचेत बसते, पण लॅपटॉप बहुधा सुरू होत नाही. एम.२ खाच दिसली म्हणून एनव्हीएमई जातीची एसएसडी आणू नये; जुन्या लॅपटॉपात ती अनेकदा फक्त साटाची असते.

अपात्र, पण धडधाकट यंत्राला लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) हा चांगला मार्ग आहे, कामं ब्राउझरमध्येच होत असतील तर. लिनक्स मिंटची २२ ही मालिका २०२९ पर्यंत अपडेट घेत राहील. किमान २ जीबी रॅम, ४ असेल तर उत्तम, आणि प्रोसेसर ६४-बिट. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून ती डिस्कला हात न लावता चालवून पाहता येते. त्यातच वायफाय, आवाज, मराठी कळपाट आणि प्रिंटर तपासून घ्या. कॅननचा एलबीपी २९०० हा आपल्याकडे घरोघरी असलेला लेझर प्रिंटर तिथे हमखास छळतो. विंडोज ११ वर तो ६४-बिट ड्रायव्हरने चालतो, त्यामुळे निव्वळ त्याच्यासाठी लिनक्सचा बेत सोडावा लागला तरी नवल नाही. टॅली, कोरल ड्रॉ, श्री-लिपी यांच्यासाठी लिनक्सच्या वाटेला जाऊ नये. शाळांनी मात्र जरूर जावं. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं स्वतःच्या लिनक्सवर चालतात. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांतले संगणक कुलपाआड धूळ खात पडण्यापेक्षा ते बरं. अगदी जुन्या ३२-बिट पेंटियमवर मात्र श्रम घालवू नयेत. डेबियन या लिनक्सनेही २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट संगणकासाठीची प्रतिष्ठापना बंद केली आहे.

काही यंत्रांना हातच लावू नये. एमआयडीसीतल्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या कटाई) यंत्राला किंवा छापखान्यातल्या प्लेटमेकिंगला जोडलेला विंडोज ७ चा संगणक चालतो आहे तर चालू द्या. लॅनची केबल काढा, वायफाय बंद करा, क्लोनझिला या फुकट प्रोग्रॅमने संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेऊन ती दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि फाइली नेण्या-आणण्यासाठी एकच पेनड्राइव्ह राखून ठेवा, जो आधी अद्ययावत संगणकावर तपासलेला असेल. त्याच यंत्रावर जेवणाच्या सुट्टीत मेल बघणारा कामगार असेल तर हे सगळं फुकट. विंडोज ७ वर क्रोम १०९ व्या आवृत्तीवर अडकलेला आहे, २०२३ पासून.

शेवटी दुकानदार मित्रांकडे एक मागणी. अपग्रेडच्या बिलावर नुसतं ‘विंडोज ११ इन्स्टॉलेशन’ लिहू नका. आवृत्ती कोणती (२४एच२ की २५एच२), यंत्र पात्र होतं की अट काढून बसवलं, आणि जुनी डिस्क परत दिली का, हे तीन शब्द वाढवून लिहा. आणि ग्राहकांनी एक गोष्ट बघून घ्यावी. २४एच२ पासून विंडोज नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलं की पात्र यंत्रावर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. घाई असते म्हणून दुकानात कधी कधी दुकानाच्याच खात्याने लॉगिन करून संगणक तयार केला जातो. पुढे बायॉस अपडेट झालं किंवा बोर्ड बदलला की पडदा ती की मागतो, आणि ती ग्राहकाच्या नव्हे, दुकानाच्या खात्यात असते. संगणक घरी नेण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडून तिथे स्वतःचाच ईमेल दिसतो याची खात्री करावी. दुसऱ्याचा दिसला तर आपल्या खात्याने लॉगिन करून डिव्हाइस एन्क्रिप्शन (हेच ते डिस्कचं कुलूप) एकदा बंद करून पुन्हा चालू करावं, म्हणजे नवी की आपल्या खात्यात येते. मग दुकानाचं खातं काढून टाकावं आणि की कागदावर उतरवून वॉरंटी कार्डासोबत ठेवावी.

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक,
मिरज